लाल कोट आटले त्या दिवशी

राजा गादीवर बसला त्याचं ते पंचविसावं वर्ष. शाळेच्या पुस्तकात त्याला क्रांतीचं वर्ष म्हणतात. आमच्या घरात मात्र अजून ‘कोट आटले ते वर्ष’ असंच म्हणतात. कोण कधी जन्मलं, कोणाचं लग्न कधी झालं, ते सगळं आम्ही याच खुणेवरून लावतो. मी तेव्हा अठराची होते.

परवा ताईची पणती पुस्तक घेऊन माझ्याकडे आली.

“आजी, इथे लिहिलंय की आपली क्रांती रक्त न सांडता झाली. आणि आमच्या वर्गातली एक म्हणते, पुलावर तिच्या पणजोबांना गोळी लागली. मग मी खरं काय लिहू?”

“मार्क कशाला आहेत?”

“पुस्तकातल्याला.”

“मग परीक्षेत पुस्तकातलं लिही. खरं काय ते माझ्याकडून ऐक.”

तिला शिकवणीला जायचं होतं, त्यामुळे तिने अर्धंच ऐकलं. म्हणून लिहून ठेवते आहे.

राजवाड्याच्या मागच्या गल्लीत राजाचं धुलाईघर होतं. गल्लीच्या एका बाजूला राजवाड्याचं मागचं फाटक, समोर आमचं दार, आणि मधून उताराने वाहणारं गटार. हे गटार आधी पहारेकऱ्यांच्या बराकीच्या भिंतीला लागून जायचं आणि मग खाली बाजारचौकात निघायचं. आमचं निळीचं पाणी चौकात पोहोचलं की भाजीवाल्या म्हणायच्या, आज राजाच्या चादरी निघाल्या. वरच्या घरात काय चाललंय हे गावाला गटारावरून कळायचं.

धुलाईघर चालवायची माझी आत्या. आमची आई लवकर गेली, तेव्हा बाबांच्या या थोरल्या बहिणीने आम्हा तिघांना पदराखाली घेतलं. ताई सगळ्यात मोठी, मग दादा, मग मी. आम्ही चालायला शिकलो ते ओल्या फरशीवर, आणि पडायलाही तिथेच शिकलो. आत्याच्या राज्यात नियम दोनच. पहिला, लोकरीला गरम पाणी दाखवायचं नाही. दुसरा असा की ती ओल्या चादरीचं एक टोक पुढे करून “धर” म्हणाली, की हातातलं असेल ते टाकायचं आणि धरायचं. ओली चादर एकट्याने पिळता येत नाही. एकाने इकडे वळवायची, दुसऱ्याने तिकडे. दादाने या ‘धर’पायी लहानपणी दोन पतंग घालवले आणि एकदा तोंडातला पाव. मोठा झाल्यावर तो गाड्यांच्या कारखान्यात कामाला लागला, पण सुट्टीच्या दिवशी आत्याच्या तडाख्यात सापडायचाच.

आदल्या हिवाळ्यात बाबा गेले. पिठावरचा कर कमी करा एवढंच सांगायला माणसं पुलावरून राजवाड्याकडे निघाली होती. हात रिकामे होते. फौजेने गोळ्या घातल्या. बाबांचा सदरा आत्याने दुसऱ्या कोणाला धुवू दिला नाही. गार पाण्यात तिने तो सकाळपासून दुपारपर्यंत घोळवला. मी म्हटलं, कढत पाणी आणू का, तर म्हणाली, “रक्ताला गार पाणीच लागतं गं. गरम घातलंस तर डाग जन्माचा बसतो.” दादा दारात उभा राहून ऐकत होता. त्या दिवसानंतर तो घरी बोलेनासा झाला आणि बाहेर फार बोलू लागला.

मीही काही शांत बसणारी नव्हते. रोज राजाच्या उशांचे अभ्रे इस्त्री करताना मनात यायचं, हा माणूस यावर डोकं ठेवून निजतो तरी कसा. राजा मेलेला मला हवा होता. हे मी आजही लपवत नाही.

आता कोटांचं सांगते. राजाच्या खाशा पहाऱ्यात साठेक माणसं. प्रत्येकाचा एकच कोट, जाड लोकरीचा, लालभडक. गादीवर बसल्याचा वाढदिवस आला की आदल्या दिवशी सगळे कोट एकदम आमच्याकडे धुवायला यायचे, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या संचलनात सगळे सारखे लाल दिसतील. कोट आमच्याकडे आणि पहारेकरी बनियनवर बराकीत. पुढच्या फाटकासाठी म्हणून ठेवलेले पाचसहा जुने कोट चढवून तेवढेच जण तिथे उभे राहायचे. अंगात कोट नसेल त्याच्या हातात बंदूक द्यायची नाही असा शस्त्रागाराचा कायदा होता. गावात त्या दिवसाला ‘उघडा दिवस’ म्हणत आणि बायका तोंडाला पदर लावून हसत.

या पहाऱ्यातलेच एक आमचे दाजी, म्हणजे ताईचा नवरा. राजाचा शिपाई आणि धुलाईघरातली मुलगी, अशी लग्नं आमच्या गल्लीत पुष्कळ होती. दादा आणि दाजींचं एकेकाळी गूळपीठ होतं. बाबा गेल्यापासून दादा त्यांच्याकडे पाहतही नसे. दाजी पुलावर नव्हते, ती फौज वेगळी, हे त्याला ठाऊक होतं. पण कोट लाल होता ना.

त्या वर्षीच्या उघड्या दिवशी सकाळी कोट आले. आम्ही पितळी बटणं काढून पिशवीत भरली, कोट गार पाण्यात भिजवले. दुसरीकडे चादरींसाठी भट्टी पेटवलेली होती, तिच्यावरच्या मोठ्या हंड्यात पाणी खदखदत होतं. ताई इस्त्रीच्या टेबलाशी बसली होती, तिला सातवा महिना. आणि कोपऱ्यात भोंगा. ही बाई कुजबुजली तरी चौकात ऐकू जायचं, म्हणून हे नाव. तिचा नवरा गोदीत हमाल होता.

दादा आला तो दोन मित्रांना दारात ठेवून.

“आत्या, कोट पाहिजेत.”

“कोणाला?”

“मला. वीस दे. बाकीचे तुझ्याकडे राहू देत.”

“वरातीला निघालात वाटतं?” भोंगा म्हणाली.

दादा हसला नाही. त्याने सरळ सांगून टाकलं. वीस जण कोट घालून पुढच्या फाटकातून आत शिरणार आणि जिन्याने थेट वर जाणार. त्याच वेळी पुलावर गोदीवाले फौजेला अडवून धरणार, म्हणजे राजवाड्याच्या मदतीला कोणी येऊ शकणार नाही.

“वर जाऊन काय करणार?” आत्याने विचारलं.

त्याने खिशातून कातडं कापायची सुरी काढून दाखवली आणि परत ठेवली.

भोंगा उठून उभी राहिली. “पुलावर? आज? आमचे मला म्हणाले, उशीर होईल, जेवणासाठी थांबू नकोस.” मग ती खाली बसली आणि कितीतरी वेळ बोललीच नाही. तिला गप्प मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

“आणि हे?” ताईने विचारलं. “ह्यांचं काय?”

“दाजींना कोण हात लावतंय? ते बराकीत राहतील.”

“राहतील? वर आरडाओरडा ऐकून तुझे दाजी बराकीत पाय पसरून बसतील? अरे, साधं मांजर ओरडलं तर धावतात ते.” ताईने इस्त्री उभी केली. “आणि तुझ्या पोरांनी कोणाला ओळखून मारायचं? कोटातला तो आपला, बनियनमधला तो परका, असंच ना?”

“ताई, बाबांना मारताना कोणी ओळख विचारली होती?”

ताईने इस्त्री पुन्हा कापडावर टेकवली.

“आत्या,” दादा हळू आवाजात म्हणाला, “माणसं हात जोडून गेली होती. काय मिळालं? हात जोडून कुठलाही राजा गेलेला नाही. जातो तो घाबरून.”

मला त्याचं पटलं. आजही ते पूर्ण खोटं वाटत नाही.

आत्या हात पुसत होती. म्हणाली, “कोट ओले आहेत. बटणंही लावायची आहेत. ओल्या कोटात, बिनबटणाचे, फाटकावर गेलात तर आत शिरायच्या आधीच पकडतील. तासाभराने ये.”

“नक्की देशील?”

“सगळे कोट तुझ्यासमोर ठेवते.”

तो माणसं जमवायला गेला. आत्या भट्टीकडे पाहत उभी राहिली. काय चाललं असेल तिच्या मनात, ते मला आज कळतं. नाही म्हणावं तर ती पोरं हिसकावून नेणार. द्यावे तर भाचा तरी मरणार, नाहीतर भाचेजावई. आणि दोघंही वाचले तरी, हातून माणूस मेलेला भाचा घरी परत येणार, आणि तो डाग कुठल्या पाण्याने काढायचा, हे तिच्यासारख्या बाईलाही ठाऊक नव्हतं.

“चिंगे,” ती मला म्हणाली, “कोट भट्टीत टाक.”

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. “आत्या, लोकर आहे.”

“लोकर आहे म्हणूनच.”

माझे हात पुढे होईनात. नकळत्या वयापासून जे करायचं नाही म्हणून मार खाल्ला, तेच करायचं. शेवटी तिनेच पहिला कोट उचलून खदखदत्या पाण्यात सोडला. मग साबणाचा अख्खा डबा ओतला. मग आम्ही सगळ्या धोपाटणी घेऊन तुटून पडलो. बाबांसाठी, पिठावरच्या करासाठी, पंचवीस वर्षांच्या अभ्र्यांसाठी मी त्या कोटांना बडवलं. भोंगा रडत रडत बडवत होती आणि मध्येच म्हणाली, “काही म्हणा बाई, बरं वाटतंय.”

शेवटी एक कोट उरला. सोनेरी कॉलरचा. वाढदिवसाच्या संचलनात राजाही पहाऱ्याचाच कोट घालायचा, तो हा.

“हापण?” मी विचारलं.

“का? तो काय वेगळ्या मेंढीचा आहे?” आत्या म्हणाली.

गरमातून काढून गार पाण्यात टाकल्यावर कोट आटले ते असे की माणसाचा कोट पोराला यावा. लोकर घोंगडीसारखी जाड झाली. आतलं सुती अस्तर मात्र होतं तेवढंच राहिलं आणि बाह्यांतून जिभा काढल्यासारखं बाहेर लोंबू लागलं. लाल रंग निम्मा पाण्यात उतरला होता.

आणि मग आम्ही भट्टीवरच्या हंड्याचं बूच काढलं.

इथे जे घडलं ते धुणाऱ्या बायकांच्या हातूनच घडू शकतं. आमच्या दृष्टीने ते रंग गेलेलं पाणी होतं. रोज निळं जातं, आज लाल गेलं. ते दुसऱ्या कोणाला काय दिसेल हे आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. भट्टीभर लालभडक, वाफाळतं पाणी गटारातून निघालं, बराकीच्या भिंतीला घासत गेलं आणि बाजारचौकात उतरलं.

चौकात त्या दिवशी आधीच कुजबुज होती. पुलाकडून आवाज येऊ लागले होते. त्यात हे. कोणीतरी ओरडलं, धुलाईघरातल्या बायका कापल्या. पुढच्या क्षणी भाजीवाल्या, पाववाले, शाळेचे मास्तर, सगळा बाजार चढावर धावत सुटला. जाताना हाताला लागेल ते त्यांनी उचललं होतं. एकाच्या हातात तर वजनाचा काटा होता.

इकडे बराकीच्या खिडकीतून पहारेकऱ्यांनी तेच पाणी पाहिलं. त्यातल्या निम्म्यांच्या बायका, बहिणी, आया आमच्याकडे कामाला. बंदूक मागायला कोणी गेलं नाही. गेले असते तरी मिळाली नसती. पन्नासपंचावन्न माणसं, बनियनवर, बहुतेक अनवाणी, राजवाड्याचं मागचं फाटक आतून उघडून गल्लीत धावली.

आम्ही आवाज ऐकून दारात आलो, तर एका बाजूने अख्खा बाजार आणि दुसऱ्या बाजूने अख्खा पहारा. आमचे हात कोपरापर्यंत लाल. दोन्हीकडची माणसं आमच्या दारासमोर येऊन थबकली.

सगळ्यांच्या पुढे दाजी. अर्ध्या गालावर दाढीचा साबण तसाच.

“ही कुठे आहे?” त्यांनी आत्याला विचारलं. नजर तिच्या लाल हातांवर होती.

ताई इस्त्री हातात घेऊनच बाहेर आली. “कोण? मी? असे अर्धवट कुठे निघालात?”

दाजी मटकन पायरीवर बसले.

तेवढ्यात गर्दीतून दादा आला, मागे त्याची पोरं. त्याने लाल गटार पाहिलं, मग दाजींना पाहिलं आणि त्यांचं बनियन धरून त्यांना उभं केलं. “काय केलंत तुम्ही?”

“मी? तू काय केलंस?”

दोघांचे चेहरे एकमेकांपासून वीतभर. दादाचा दुसरा हात खिशात होता. मला दिसत होतं त्या हाताने काय धरलंय ते.

“कोणी मेलेलं नाही,” भोंगा म्हणाली, आणि ती म्हणाली म्हणजे चौकापर्यंत ऐकू गेलं. तिने एक कोट दोन्ही हातांनी उंच धरला. अस्तराच्या जिभा लोंबत होत्या. “मेले ते हे. घ्या ओळखून आपापले.”

माणसं माना उंचावून कोटाकडे बघू लागली. मग एक म्हातारा पहारेकरी पुढे झाला, त्याने कोट बोटांनी चाचपला आणि म्हणाला, “माझ्या नातवाला होईल.” कुठून तरी पहिलं हसू फुटलं. मग ते आवरेना. बाजार हसत होता, पहारा हसत होता. एकमेकांना मारायला आलेली माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात टेकून हसत होती, कारण हसून हसून उभं राहवत नव्हतं.

हसला नाही एकटा दादा. त्याने दाजींना सोडलं आणि आत्याकडे पाहिलं. “सगळे कोट समोर ठेवीन म्हणालीस.”

“ठेवले ना.”

“राजाला वाचवलंस तू.”

“तुला वाचवलं. राजाचं मी काही ठरवलेलं नव्हतं.”

आणि मग दादाच्या लक्षात आलं की राजवाड्याचं मागचं फाटक सताड उघडं आहे.

तो धावला. त्याच्यामागे त्याची पोरं, मग सगळा बाजार, आणि बाजारात मिसळलेले बनियनवाले पहारेकरी. आत अंगणात पहाऱ्याचा अधिकारी, ज्याला आम्ही ‘खळ’ म्हणायचो कारण तो मानेपर्यंत खळ घातल्यासारखा ताठ असायचा, तो शस्त्रागाराच्या दारात ओरडत होता, बंदुका द्या यांना. शस्त्रागाराचा म्हातारा किल्ल्या मुठीत धरून म्हणत होता, “साहेब, कोट कुठे आहेत? तुमचाच कायदा.” पुढच्या फाटकावरचे पाचसहाजण बंदुका घेऊन धावत आले. त्यांनी नेम धरले. समोर गर्दीत त्यांचेच सोबती, उघडे, भाजीवाल्यांच्या खांद्याला खांदा लावून. एक गोळी सुटली ती घोड्यांच्या हौदाला लागली. दुसरी सुटलीच नाही.

दादा जिन्याने वर गेला. आत्याला हे दिसलं आणि ती त्याच्यामागे धावली, हातात राजाचा ओला कोट तसाच. तिच्यामागे मी. त्या जिन्यावर आम्ही कधी पाऊल ठेवलं नव्हतं. आमची ये-जा मागच्या अंधाऱ्या जिन्याने, गाठोडी घेऊन.

राजाच्या खोलीत राजा एकटा होता. नोकर पळून गेले होते. सदऱ्यावर, एका पायात बूट घालून तो पलंगाच्या कडेला बसला होता आणि दुसरा बूट हातात होता. रोज अभ्रे इस्त्री करून मला त्याच्या डोक्याचा आकार पाठ होता, पण माणूस मी तेव्हा प्रथम जवळून पाहिला. थकलेला, टक्कल पडलेला. खिडकीतून पूल दिसत होता. पुलावरून काळा धूर वर चढत होता आणि गोळ्यांचे आवाज येत होते.

दादा पलंगापाशी उभा. सुरी बाहेर.

“माझ्या बापाला पुलावर मारलं,” तो म्हणाला. “त्याचं नाव तरी ठाऊक आहे का तुला?”

राजाने मान हलवली, नाही. निदान खोटं बोलला नाही.

दादाचा हात वर गेला. मला आठवतं, मी डोळे मिटले नाहीत. मला बघायचं होतं.

“धर,” आत्या म्हणाली.

तिने कोटाचं एक टोक पुढे केलं होतं. आवाज रोजचाच, धुलाईघरातला. विनवणी नाही, दरडावणी नाही. कोटातून पाणी गळतंय, पिळायचाय, धर.

आणि दादाच्या हाताने सुरी टाकली आणि कोट धरला. त्याने ठरवलं असं मी म्हणणार नाही. हातच तसे घडलेले होते. सुरी गालिच्यावर पडल्यावर त्याला कळलं आपण काय केलं ते, पण तोवर आत्याने कोट वळवायला सुरुवात केली होती, आणि एकीकडून वळत असलं की दुसरीकडून उलटं वळवावंच लागतं, नाहीतर हात मोडेल. ते दोघं राजाच्या पलंगासमोर उभं राहून कोट पिळत होते. लाल पाणी गालिच्यावर पडत होतं. दादाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाबा गेल्यावर तो रडला होता की नाही मला माहीत नाही. त्या वेळी मात्र रडला.

राजा कोटाकडे बघत होता. “तो माझा आहे का?” त्याने विचारलं.

“होता,” आत्या म्हणाली.

मग राजाने खिडकीतून पुलावरच्या धुराकडे पाहिलं, खाली अंगणातल्या उघड्या पहाऱ्याकडे पाहिलं, आणि हातातला बूट पायात घातला.

दिवस मावळायच्या आत तो गाव सोडून गेला, आमच्याच झाकलेल्या गाडीतून, चादरींच्या गाठोड्यांमध्ये बसून. गर्दीने दगड उचलले होते. दादा गाडीच्या पुढे चालत होता, म्हणून कोणी मारले नाहीत.

पुलावर चोवीस माणसं मेली. काही आपली, काही फौजेतली. भोंगाचा नवरा त्यांत होता. दुसऱ्या दिवशी कोणीतरी कौतुकाने म्हणालं की एकही थेंब न सांडता राजा गेला, तेव्हा ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. “तुमचे कोट मोठे आणि माझा माणूस लहान, असं माझ्यासमोर कोणी म्हणायचं नाही,” ती म्हणाली. फार हळू म्हणाली, म्हणून सगळ्यांनी ऐकलं.

दादा आणि आत्या पुढे जन्मभर या एका गोष्टीवर भांडले. जेवायला बसलं की विषय निघायचाच. दादा म्हणायचा, “पुलावर धूर नसता तर तो तुझ्या कोटाला भ्यायला असता होय? फौज तासाभरात येऊन तुला कोटासकट टांगती.” आत्या म्हणायची, “आणि तू सुरी चालवली असतीस तर त्या मारामारीत दाजी गेले असते, आणि मोठं होऊन त्यांच्या पोराने तुझ्यावर चालवली असती. मग तुझ्या पोराने त्याच्यावर. भात वाढू का?” दोघांचंही मला पटायचं. धुरामुळे राजा गेला असेल. पण तो गेल्यावर आम्ही सगळे त्याच गल्लीत, समोरासमोरच्या दारांत राहू शकलो, ते त्या आटलेल्या कोटांमुळे. माझं एवढंच उत्तर आहे, आणि याला परीक्षेत मार्क मिळत नाहीत.

त्या साठ कोटांचं पुढे काय झालं ते ऐका. पुढचा हिवाळा कडक निघाला. आम्ही अस्तरं कापली, बटणं लावली आणि कोट गल्लीतल्या पोरांना वाटले. आटलेली लोकर वाऱ्याला दाद देत नाही. पुलावर मेलेल्यांच्या मुलांना पहिले दिले, भोंगाच्या दोघांनाही मिळाले. त्या हिवाळ्यात चौकात जिकडे पाहावं तिकडे राजाचा पहारा, नाक गळत असलेला, घसरगुंडी खेळणारा. सोनेरी कॉलरचा कोट ताईच्या मुलीला ठेवला. तिला तो तिसऱ्या वर्षी बसला आणि पाचव्या वर्षी तिने त्यावर शाई सांडली.

राजा दूर कुठल्या देशात म्हातारा होऊन गादीवर मेला, म्हणजे झोपायच्या. खळसाहेबांनी दुसऱ्या गावात कपडे कोरडे धुण्याचं दुकान काढलं आणि त्यांचं बरं चाललं. लोकर ते स्वतः हाताळत, नोकरांना हात लावू देत नसत. शस्त्रागाराचा म्हातारा किल्ल्या नव्या सरकारच्या हवाली करायला गेला आणि पावती मागत बसला. भोंगा स्टेशनवर लागली, गाड्या सांगायला. कर्णा बिघडला तरी स्टेशनमास्तरांना काळजी नसे. तिने पुन्हा लग्न केलं नाही, मुलांना शिकवलं. परवा माझ्याकडे पुस्तक घेऊन आलेल्या पोरीच्या वर्गातली ती मुलगी तिचीच पणती.

दाजी शाळेचे दारवान झाले. अर्धी दाढी राहिलेल्या दिवसाची गोष्ट त्यांनी तीन पिढ्यांच्या पोरांना सांगितली आणि दर पिढीला त्यात एक गोळी वाढवली. ताईला आणखी दोन मुलं झाली. दाजींच्या मागून दीड वर्षाने ताईही गेली.

दादा सभागृहात निवडून गेला. जुन्या फौजेच्या अधिकाऱ्यांना फाशी द्यावी असा ठराव आला तेव्हा सगळ्यांना वाटलं, हा पहिला हात वर करील. त्याने विरोधात मत दिलं. घरी आल्यावर मी विचारलं, का रे, तर म्हणाला, “माझे हात आत्याने बिघडवून ठेवलेत.” सुरी त्याने परत कधी मागितली नाही. ती आत्याने साबणाच्या वड्या कापायला वापरली, झिजून जाईपर्यंत.

धुलाईघर पुढे आम्हा बायकांच्या मालकीचं झालं. आत्या शेवटपर्यंत तिथे होती. अंथरुणाला खिळली तेव्हा दादा आणि मी तिची चादर बदलायचो, तो एका बाजूने, मी दुसऱ्या. शेवटच्या दिवसांत तिला कोणाची ओळख राहिली नव्हती, पण चादर नीट ताणली नाही तर कळायचं.

आता मी एकटीच उरले आहे. चादरी घरच्याच, आणि यंत्र पिळून देतं. तरी घडी घालायला दोन माणसं लागतात. काल ताईची पणती गॅलरीत मोबाईलमध्ये डोकं घालून बसली होती. मी चादरीचं एक टोक पुढे केलं आणि म्हटलं, “धर.”

तिने मोबाईल खुर्चीवर टाकला आणि धरलं. तिला हे कोणी शिकवलं, मला माहीत नाही. मी तरी नाही.